काकिर्डे सरांची साक्ष

माणसाची खरी योग्यता जगात कधीही लपून राहत नाही, असं माझे वडील म्हणत असत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांची खरी योग्यता नेमकी कशात होती, हे आमच्या घरात शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

माझी मात्र कळणार होती. गुरुवारी दुपारी, साताऱ्यात, गोडोलीतल्या काकिर्डे सरांच्या पुढच्या खोलीत. ती कळावी म्हणून मी युरोपातून विमानाने आलो होतो आणि बुधवारी संध्याकाळी सरांच्या समोर वेताच्या खुर्चीत बसलो होतो.

सरांच्या एका हातात मी लिहून आणलेलं पान होतं, दुसऱ्या हातात लाल पेन. पान माझ्याबद्दल होतं, इंग्रजीत होतं, आणि विमानात मी ते इतक्या मनापासून लिहिलं होतं की शेवटच्या परिच्छेदापर्यंत मलाच त्या माणसाला एकदा भेटावंसं वाटू लागलं होतं. सरांनी ते उद्या इंग्रजीत, एका परदेशी बाईंसमोर, स्वतःचं म्हणून बोलायचं होतं.

लाल पेन शांतपणे चालत होतं. 'एक्सेप्शनल' गेलं. 'वर्ल्ड-क्लास'च्या बाजूला प्रश्नचिन्ह आलं, मग तेही गेलं. 'व्हिजनरी' खोडताना पेन जरा जास्त दाबलं गेलं आणि कागदाला भोक पडलं. दोन ठिकाणी सरांनी इंग्रजी व्याकरणही सुधारलं आणि मग ती वाक्यंच काढून टाकली. विशेषणं गेल्यावर तीन ओळी उरल्या. त्यातल्या एकीत माझं नाव होतं.

"आता बरोबर आहे," सर म्हणाले आणि पान माझ्याकडे दिलं.

प्रकरण असं होतं. आम्ही तेव्हा चार वर्षं एका थंड देशात राहत होतो. देशाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कचेरीत माझा एक अर्ज अजून पडून आहे आणि ती माणसं फार वाचतात. मी धातू कडक करणारा इंजिनियर आहे. गिअर भट्टीत तापवायचे, तेलात बुडवायचे आणि बाहेर आल्यावर पुरेसे कडक झालेत की नाही ते तपासायचं. समजायला एवढं पुरतं. पगार मिळवायला बरंच जास्त सांगावं लागतं. माझा तिथला परवाना कंपनीच्या एका कामापुरता होता आणि तो जूनमध्ये संपत होता. त्याच सुमारास त्या सरकारने दहा वर्षांच्या वास्तव्याचा एक नवा व्हिसा काढला. अत्युच्च कौशल्य असलेल्या परदेशी व्यावसायिकांसाठी. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की मी त्यात बसतो. असं मला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं, त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला.

अट एकच अवघड होती. अर्जदाराचा जुना अनुभव त्याच्या तेव्हाच्या वरिष्ठाने तोंडी सांगायचा, तोही पडताळणी करणाऱ्या एका खासगी संस्थेला, अर्जदार समोर नसताना. पुण्यात मी नंतर विक्री विभागात होतो, आणि विक्रीला तो देश कौशल्य धरत नाही. उरली त्याआधीची साताऱ्याची नऊ वर्षं. ती ज्या कारखान्यात काढली तो बंद पडून तिथे आता मंगल कार्यालय आहे. मालक गेले. जनरल मॅनेजर अमेरिकेत मुलीकडे होते, पण ते तेव्हा मुलीलाही ओळखत नव्हते. राहता राहिले आमच्या विभागाचे प्रमुख, काकिर्डे सर.

सर आजारी नव्हते, विसराळू नव्हते, माझ्यावर त्यांचा रागही नव्हता. अडचण वेगळीच होती. आमच्या विभागात तयार मालाला लावायला तीन रंगांची लेबलं असत. हिरवं म्हणजे ओके, पिवळं म्हणजे रीवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. सरांनी त्या तीन शब्दांत सगळी नोकरी केली होती आणि काकू सांगतात त्याप्रमाणे संसारही. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून ओके असं मी दोनदा ऐकलं. त्यातलं एक चहाला होतं.

आणि हे सगळं मला हवं होतं ते माझ्यासाठी नव्हे. मृणाल, माझी बायको, फिजिओथेरपिस्ट आहे. साताऱ्यात तिचं स्वतःचं छोटं क्लिनिक होतं, राजवाड्याच्या मागे. ते माझ्यासाठी बंद करून ती तिकडे आली. तिथली भाषा शिकली, तिथली परीक्षा दिली, तिथलं लायसन मिळवलं, आणि मग कळलं की माझ्यासारख्या तात्पुरत्या माणसाच्या बायकोला नोकरी करायला मनाई आहे. तेव्हा तिने चार वर्षं तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पाठी, माना आणि ढोलपथकाचे खांदे फुकट सांभाळले. आता आमच्या गावातल्या एका पुनर्वसन केंद्राने तिला जागा देऊ केली होती. ते थांबायला तयार होते, पण जन्मभर नाही. दहा वर्षांच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराला नोकरीची मुभा होती. म्हणजे सरांचा एक शब्द, त्यावर माझा व्हिसा आणि माझ्या व्हिसावर मृणालचं काम, अशी ती उतरंड होती. सगळ्यात खालचं मडकं सरांच्या हातात होतं.

"सर," मी म्हणालो, "त्या बाई तुम्हाला पाच पर्याय देतील. सर्वसाधारणपेक्षा कमी, सर्वसाधारण, चांगला, फार चांगला आणि असामान्य. तुम्ही पाचवा म्हणायचा. निदान चौथा."

"आणि सर्वसाधारणाला काय झालं?"

"सर, सर्वसाधारण माणसाला ते ठेवून घेत नाहीत."

"त्यांच्याकडे मग आहेत कोण?"

मी तिकडची पद्धत समजावून सांगितली. तिथे बसचा ड्रायव्हर वेळेवर आला तरी त्याला पाचपैकी पाच तारे देतात, आणि कोणी चार दिले तर त्याला साहेब बोलावून घेतो. सरांनी मन लावून ऐकलं. एखाद्या भट्टीचा आलेख बघावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे पाच म्हणजे ओके," ते म्हणाले.

"हो, सर. तसंच."

"मग बाकीचे चार कशाला ठेवलेत?"

काकू थालीपीठ घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या मगाचपासून माझ्या बाजूने होत्या. "अहो, तो एवढा लांबून आलाय. चार शब्द चांगले बोललात तर तुमच्या जिभेला काय होणार आहे?"

"जिभेला काही होत नाही. म्हणूनच लोक बोलतात," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तांबवेकर, आपल्या गिअरला कडकपणा किती लागायचा?"

"अठ्ठावन्न ते बासष्ट." हे मला झोपेतही सांगता येतं.

"साठ आला तर?"

"ओके."

"साठ आला म्हणून कोणी त्याला हार घातला?"

"नाही, सर."

"आणि सदुसष्ट आला तर?"

"ठिसूळ होतो. दात तुटतात."

"मग असामान्य म्हणजे तुला ठिसूळ म्हणू का मी?"

काकूंनी माझ्या ताटलीत लोण्याचा आणखी एक गोळा टाकला. सहानुभूती दाखवायचा त्यांच्याकडे तो एकच मार्ग होता, कारण वादात त्या सरांशी कधी जिंकल्या नव्हत्या.

"असामान्य माणूस आपल्या विभागात एकच आला होता," सर थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाले. "सबनीस. परदेशात शिकलेला. सगळे म्हणायचे, काय डोकं आहे."

"त्याने भट्टी उडवली," मी म्हणालो.

"छप्पर गेलं," सर म्हणाले. "पत्रे शेजारच्या कंपनीत सापडले."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी गच्चीवर जाऊन मृणालला फोन लावला आणि तीन ओळी वाचून दाखवल्या. ती थोडा वेळ हसली. मग म्हणाली की पुनर्वसन केंद्रातून आज पुन्हा विचारणा झाली. तिने त्यांना गुरुवारी नक्की कळवते म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी गुरुवारपर्यंत थांबू, त्यापुढे दुसरी मुलगी बोलावू, असं अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

"नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर जूनमध्ये परत येऊ. पोवई नाक्यावर एखादा गाळा बघू. जुने पेशंट असतीलच की अजून. म्हणजे असलेच तर." पेशंटचा गुडघा हातात घेऊन 'जरासं दुखेल हं' म्हणताना तिचा जो आवाज लागतो, तो लागला होता. "आणि सरांना खोटं बोलायला लावू नकोस. त्यांना ते जमत नाही, मग मान आखडून घेतात. खांदा कसा आहे त्यांचा? हात पूर्ण वर जातो का?"

मी म्हणालो, ते काही विचारलं नाही.

"विचार," ती म्हणाली. माझ्या कौशल्याचा विषय तिथे संपला.

गुरुवारी जेवण झाल्यावर सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. लॅपटॉप त्यांच्या तोंडासमोर यावा म्हणून काकूंनी तो चकलीच्या रिकाम्या डब्यावर ठेवला. मी सगळं जोडून दिलं, सरांना कुठे बघायचं ते दाखवलं आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेलो. त्या घरात पुढच्या खोलीबाहेर म्हणजे स्वयंपाकघर. काकू तिथे मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि एक जुडी ओढून घेतली. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता.

बाईंचं नाव हॅना. आवाज मऊ होता. त्यांनी सरांचे आभार मानले, नाव, हुद्दा वगैरे विचारून घेतलं, आणि मग पहिला प्रश्न विचारला, की अर्जदार या क्षणी खोलीत हजर आहे का.

"नाही," सर इंग्रजीत म्हणाले.

मी श्वास सोडला.

"तो स्वयंपाकघरात आहे," सर म्हणाले. "मेथी निवडतोय." पलीकडे शांतता झाली. बाईंना मेथी कळली नसावी असं सरांना वाटलं असणार, कारण त्यांनी तिचं इंग्रजी नाव स्पेलिंगसकट सांगितलं.

"मेथीचं कशाला सांगायचं," काकू पुटपुटल्या.

हॅनाबाईंनी दार लावून घेण्याची विनंती केली. सर उठून आले, आमच्याकडे न बघता पडदा नीट ओढला आणि परत जाऊन बाईंना सांगितलं की बंद केलंय, पण ते कापडाचं आहे.

यानंतरचं सगळं मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. तीन ओळींचं पान सरांनी बाहेर काढलंच नाही. माझ्या विभागातल्या अडचणी मी कशा सोडवल्या, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, अडचणी विभागाने सोडवल्या. माझं एखादं एकमेवाद्वितीय योगदान? सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, तो वेळेवर यायचा. महिनाअखेरीला सगळ्यांना माल घाईने पाठवायचा असायचा, तेव्हा कच्चा माल असेल तर तो अडवून ठेवायचा, कोणीही फोन केला तरी. याला तुम्ही अत्युच्च कौशल्य म्हणाल का, बाईंनी विचारलं. सर म्हणाले, याला मी त्याचं काम म्हणेन.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी देठं मोडत राहिलो.

मग ते पाच पर्याय आले. असामान्य? नाही. फार चांगला? कोणाच्या तुलनेत, सरांनी विचारलं. या व्यवसायातल्या इतर लोकांच्या, बाई म्हणाल्या. सर म्हणाले, इतरांना मी तपासलेलं नाही. बाईंनी फार सौजन्याने विचारलं, की मग तुमच्या शब्दांत सांगा, हा माणूस कसा आहे.

"ओके," सर म्हणाले.

पलीकडे कळफलकावर काहीतरी टाइप झाल्याचा आवाज आला. फार वेळ टाइप झालं नाही.

काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "ओके म्हणजे चांगलंच ना?"

"आपल्याकडे, काकू," मी म्हणालो.

मी हातातली जुडी खाली ठेवली. पोवई नाक्यावरचे गाळे डोळ्यांसमोर यायला लागले. खाली मेडिकल असेल तर बरं पडेल, वर जिना नको, गुडघ्यांचे पेशंट चढत नाहीत. मृणालला फोन करून काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्य मी मनात जुळवत होतो.

बाईंचा आवाज आता निरोपाचा झाला होता. शेवटचा एक ठरलेला प्रश्न राहिला होता. अर्जदाराविषयी किंवा कुटुंबाविषयी आणखी काही सांगायचं आहे का. याला सगळे जण नाही म्हणत असावेत, कारण त्यांनी तो उत्तराची वाट बघण्याच्या सुरात विचारलाच नाही.

"हो," सर म्हणाले. "त्याची बायको."

काकूंचा मेथी निवडणारा हात थांबला.

सर सांगू लागले. पाच मिनिटांपूर्वी एकेका शब्दाला अडणारा हा माणूस आता सलग बोलत होता, तपासणी अहवालाच्या इंग्रजीत, क्रमाने. उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता, वाळत घातलेला टॉवेल काढता येत नव्हता. पुण्याला दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनी ऑपरेशन सांगितलं. या मुलीने चार महिने भिंत, टॉवेल आणि एक काठी एवढ्यावर काम केलं. दुखलं. तिने दुखेल असं आधी सांगितलं होतं आणि जितकं सांगितलं होतं तितकंच दुखलं. त्यानंतर आजपर्यंत रीवर्क नाही.

मग आवाज बंद झाला. काकूंनी पडदा बोटभर सरकवून पाहिलं आणि मला कळवलं, "हात वर केलाय."

पलीकडून बाईंनी विचारलं की तुम्हाला काही प्रश्न विचारायचा आहे का.

"नाही," सर म्हणाले. "हा रिझल्ट आहे."

हात किती वेळ वर होता मला माहीत नाही. बाई हसल्या, पण उपरोधाने नाही. त्यांनी विचारलं, ही बाई व्यवसायाने कोण. सरांनी सांगितलं. तिच्याकडे आमच्या देशाचं लायसन आहे का, बाईंनी विचारलं. हे सरांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ते कधी सांगत नसत. ते उठले, सरळ येऊन पडदा बाजूला केला.

"तांबवेकर, तिच्याकडे तिथलं लायसन आहे का?"

माझ्या मांडीवर मेथी होती. "आहे, सर."

"नोकरी?"

"देऊ केलीय. गुरुवारपर्यंत."

"आज गुरुवारच आहे," सर म्हणाले आणि दोन्ही गोष्टी बाईंना जाऊन सांगितल्या. पडदा उघडाच राहिला.

हॅनाबाईंनी ते टिपून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, हे त्यांच्या कामाचा भाग नाही हे आधी स्पष्ट करून, की त्यांच्या देशात फिजिओथेरपिस्ट मिळत नाहीत. जानेवारीपासून तो व्यवसाय सरकारने टंचाईच्या यादीत घातला आहे. लायसन असेल आणि नोकरी देणारा असेल तर हाच दहा वर्षांचा व्हिसा त्या माणसाला थेट मिळतो, त्याला कोणाची साक्ष लागत नाही. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मग अर्ज हे का करतायत?"

सरांना या प्रश्नाचं उत्तर देता येणार नव्हतं. त्यांनी मान वळवून तो माझ्याकडे पाठवला. "ती विचारतेय, अर्ज तू का करतोयस?"

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मेथीकडे पाहिलं.

वकिलाच्या कचेरीत आम्ही दोघंही गेलो होतो. त्याने अर्जदार कोण असं विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं होतं. सत्यनारायणाला गुरुजींनी यजमान कोण म्हणून विचारावं तसं. पूजा मी करायची आणि मृणालने हाताला हात लावायचा. ती तिथे भाषेची परीक्षा पास होती, वकिलाशी त्याच्या भाषेत तीच बोलत होती, माझे कागद तीच पुढे करत होती. लायसन तिच्या पर्समध्ये होतं. त्या पर्सची चेन कोणी उघडली नाही, कारण त्या पर्सला कोणी काही विचारलं नाही.

"सुचलं नाही, सर," मी म्हणालो.

सर कॅमेऱ्याकडे वळले. "त्याला सुचलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. पलीकडे पुन्हा टाइप झालं. या वेळी जरा जास्त वेळ.

कॉल संपल्यावर काकूंनी चहा टाकला. सरांनी खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि चकलीचा डबा जागेवर नेऊन ठेवायला सांगितला. मला लगेच मृणालला फोन करायचा होता, पण त्याआधी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"सर, नऊ वर्षं," मी म्हणालो. "फक्त ओके?"

"फक्त म्हणजे?" सरांना खरंच कळलं नाही. मग ते म्हणाले, "ओकेच्या वरचं लेबल आपल्याकडे होतं का?"

"नव्हतं, सर."

"मग?"

मी विचारलं, मग मृणालबद्दल एवढं कसं बोललात. सर म्हणाले, ती आपल्या विभागात नव्हती.

मृणालने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फोन तुटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे मी," ती म्हणाली. "अरे, मला वाटलं ते तुम्हा लोकांसाठी असतं."

"कोणत्या लोकांसाठी?"

"म्हणजे गिअरवाल्यांसाठी." मग ती म्हणाली, ठेवते, त्यांनी दुसरी मुलगी बोलवायच्या आत मला फोन करायला हवा.

अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन आला. पुनर्वसन केंद्राच्या प्रमुख बाईंनी कागद त्याच संध्याकाळी पाठवायचं कबूल केलं होतं. तिने त्यांना विचारलं, की ही यादी तुम्हाला माहीत होती तर तुम्ही मला आधी का सुचवलं नाही. त्या बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुमची काही धार्मिक अडचण असेल.

हे मी सरांना सांगितलं नाही. काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. मग त्यांनी मला मेथी धुवायला दिली.

मी तिकडे परतलो तोवर मृणालचा अर्ज गेलेला होता. माझी फाइल पडताळणीच्या अहवालासकट परत आली. अहवालात एकच वाक्य होतं: साक्षीदार विश्वासार्ह, अर्जदार समाधानकारक. मेथीचा उल्लेख बाईंनी टाळला होता. वकिलाने त्या अर्जाच्या उरलेल्या कागदांवर सह्या घेताना मृणालला खुर्ची पुढे सरकवून दिली आणि मला बाहेर कॉफीचं यंत्र आहे असं सांगितलं. मे महिना संपायच्या आत ती कामाला लागली. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे आलेला एक म्हातारा बसड्रायव्हर होता, त्याचा खांदा. तो सांगत असे की सगळे त्याला पाच तारे देतात, पण हात वर जात नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. व्हिसाचं एकदा नूतनीकरणही झालं, तेव्हाही आम्हाला कोणी काही विचारलं नाही. मी त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर, तेच गिअर तपासतो. मृणालच्या कार्डावर 'अत्युच्च कुशल व्यावसायिक' असं छापलेलं आहे. माझ्या कार्डावर माझं नाव, जन्मतारीख आणि तिच्या कार्डाचा क्रमांक आहे. आश्रितांच्या कार्डाला व्यवसायाचा रकाना नसतो.